वऱ्हाड निघालंय जयपूरला! छोट्या नाटकांची चटपटीत शिदोरी

मराठी माणूस हल्ली जयपूरला तीन कारणांनी जातो. दिवाळीच्या सुट्टीतली सहल, थंडीतला साहित्य महोत्सव आणि कुणाच्या तरी भाच्याचं डेस्टिनेशन वेडिंग. तिन्ही वेळा बॅगेत स्वेटर, चकल्या आणि पाचकाच्या गोळ्या असतातच. त्यात एखादी एकांकिका किंवा एकपात्री नाटकाची संहिताही टाका. बारीकसं पुस्तक असतं, गाडीत बसल्याबसल्या वाचून होतं. आणि ‘संगीत’च्या रात्री काका-मामांना कोरिओग्राफरच्या तालावर नाचवण्यापेक्षा पाऊण तासाचं नाटक नक्कीच स्वस्तात पडतं.

शिवाय शहरही योग्य निवडलंय. एकट्या माणसाने रात्रभर खेळ रंगवायचा, हे राजस्थानात कुणाला नवं नाही. तेव्हा थोड्या गमती, थोड्या शिफारशी, सगळं एकत्र कालवून वाढतोय.

बावन्न माणसं, मानधन एकाचंच

सुरुवात घरापासून. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पात्रं ५२ आणि नट एक : लक्ष्मण देशपांडे. नवरा, नवरी, वरमाय, विमानातली गोरी बाई, सगळे तेच. या पराक्रमाची नोंद गिनीज बुकातही झाली. देशपांडे औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे, म्हणजे वर्गातही एकट्यानेच समोरच्यांना खिळवून ठेवायची सवय! २००९ मध्ये ते गेले. मराठी प्रेक्षकाला एकपात्रीची जी चटक लागली, त्यात पुलंच्या ‘बटाट्याच्या चाळी’नंतर या वऱ्हाडाचा वाटा मोठा.

तमाशा, पण रागदारीत

जयपूरच्या ब्रह्मपुरी भागात होळीच्या सुमारास तमाशा होतो. ढोलकी-घुंगरांची अपेक्षा ठेवून जाल तर चकित व्हाल. इथला तमाशा शास्त्रीय रागांवर चालतो. हीर-रांझा, गोपीचंद, जोगी-जोगण अशी कथानकं, गाणारे नट, चहूबाजूंनी प्रेक्षक, आणि खेळाच्या जागेला म्हणायचं ‘अखाडा’. भट्ट घराण्याने ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. आणि राजस्थानातली पुस्तकं सांगतात की हा तमाशा सवाई प्रतापसिंहांच्या काळात आला, तो महाराष्ट्रातून! म्हणजे मराठी माणूस जयपूरला नाटक घेऊन पहिल्यांदाच चाललाय असं मुळीच नाही.

राजा हौशी, थिएटर पक्कं

फोटोग्राफीचं वेड असलेला राजा म्हणून सवाई रामसिंह दुसरे प्रसिद्ध आहेत. नाटकाचं वेडही तितकंच. १८७८ च्या सुमारास त्यांनी जयपुरात रामप्रकाश थिएटर उभं केलं. मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांचा तेव्हा देशभर बोलबाला होता आणि त्या तऱ्हेची नाटकं इथे रंगू लागली. पुढे देशातल्या बहुतेक नाट्यगृहांचं जे झालं तेच याचंही झालं : सिनेमा लागला.

चंद्रावर चहा

जयपूरला नाटक बघायचं तर पाय आपोआप जवाहर कला केंद्राकडे वळतात. वास्तुकार चार्ल्स कोरिया. जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेल्या शहराचा नकाशा नऊ चौकांचा, आणि त्यातला एक चौक डोंगर आडवा आल्यामुळे बाजूला सरकवलेला. कोरियांनी केंद्रही तसंच केलं : तीस-तीस मीटरचे नऊ चौकोन, त्यातला एक मुद्दाम तिरका काढलेला, आणि प्रत्येक चौकोन एका ग्रहाचा. गुरूकडे ग्रंथालय. चंद्राकडे उपाहारगृह. मधला सूर्य मात्र रिकामा, वर उघडं आभाळ आणि खाली पायऱ्यापायऱ्यांचं कुंड.

मांडवीकाठची पणजीची कला अकादमी, जिथे गोव्यातल्या मराठी नाट्यस्पर्धा गाजतात, तीही कोरियांचीच. तेव्हा गोवेकर नाटकवाल्यांना जयपुरात परकं वाटायचं कारण नाही.

एकच साल, दोन शहरं

१९६३ साली जयपूरच्या रामनिवास बागेत रवींद्र मंच सुरू झाला. त्याच साली पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकने एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडक सुरू केला. पहिल्याच्या रंगमंचावर जयपूरच्या एका तरुण पोराने नाटकं केली आणि १९८४ मध्ये ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेलं. त्याचं नाव इरफान खान. दुसऱ्याने मराठी रंगभूमीला किती लेखक, दिग्दर्शक, नट दिले, त्याची यादी करायला बसलो तर हा लेख इथेच संपेल. प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरीत नऊ एकांकिका, आणि भरत नाट्य मंदिरातलं ते घसा बसवणारं ‘आव्वाज कुणाचा!’ मराठीत नवा नाटककार बहुतेकदा एकांकिकेच्या दारानेच आत येतो. म्हणून नवं लेखन हुंगायचं असेल तर तीन अंकांची वाट बघू नका, आधी छोटं वाचा.

शिफारस पहिली : वसतिगृहातली होळी

जयपूरची होळी म्हणजे हत्ती, गुलाल आणि परदेशी पाहुणे. महेश एलकुंचवारांची ‘होळी’ म्हणजे कॉलेजचं वसतिगृह, नाकारलेली सुट्टी, पोरांचा रिकामा वेळ आणि त्या वेळात हळूहळू उतरत जाणारी हिंसा. एकांकिका १९६९ च्या आसपासची आहे, पण रॅगिंगची बातमी आली की आजही आठवते. केतन मेहतांनी १९८४ मध्ये तिच्यावर सिनेमा केला. त्यात अगदी कोवळे आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर होते. पुढे ‘लगान’ करणारी जोडगोळी एका मराठी एकांकिकेच्या वसतिगृहात आधीच भेटली होती! नट भरपूर लागतात, त्यामुळे कॉलेजच्या ग्रुपला सोयीची. एलकुंचवारांची ‘सुलतान’ही सोबत वाचा.

आणखी एक गंमत. एलकुंचवार नाटककार झाले ते तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ पाहून. एका प्रयोगाने एक नाटककार मिळाला, हा भाव फार चांगला.

शिफारस दुसरी : दोन नट, एक घोट

नेपथ्याला पैसे नाहीत? उत्तम. प्रेमानंद गज्वींची ‘घोटभर पाणी’ घ्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरची ही एकांकिका दोन नटांत उभी राहते. तेच दोघे एका प्रसंगातून दुसऱ्यात, एका भूमिकेतून दुसरीत शिरत जातात, आणि प्रत्येक वळणावर प्रश्न तोच : पाणी कुणाला आणि पाणी कुणाला नाही. ही नाट्यगृहात झाली तशीच वस्त्यांमध्ये, कॉलेजांत, रस्त्यावर झाली आणि अनेक भारतीय भाषांत गेली. बावड्या-विहिरी-टाक्यांच्या राजस्थानात ही वाचताना तर अंगावर काटा येतो. पर्यटक ज्या देखण्या बावडीपुढे सेल्फी घेतो, तिच्या पायऱ्या उतरायची मुभा त्या काळी कुणाकुणाला होती, हा प्रश्न मग डोक्यातून जात नाही.

करताना एक पथ्य : पाण्याचं खरं भांडं मंचावर ठेवायचा मोह होईल, तो आवरा. नटाच्या कोरड्या ओठांवर प्रेक्षकाची नजर राहिली पाहिजे.

शिफारस तिसरी : आईचं ऐकून घ्या

चेतन दातार (१९६४–२००८) थोडं जगले, पण काम ढीगभर करून गेले. ‘सावल्या’, ‘राधा वजा रानडे’ ही त्यांची नाटकं, आणि ‘एक, माधवबाग’ हे एकपात्री. आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या एका साध्या, मध्यमवर्गीय आईचं हे बोलणं. भाषण नाही, घोषणा नाही. मोना आंबेगावकर यांनी हे मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत सादर केलं. हातात संहिता घेऊन वाचलं तरी ते नाटक होतं, त्यामुळे घरातल्या दिवाणखान्यातही जमेल. वाचणाऱ्या बाईला ‘अभिनय करू नका, नुसतं सांगा’ एवढीच सूचना द्या.

शिफारस चौथी : टीव्हीतली मीच माझ्याशी

गिरीश कार्नाड जन्मले माथेरानला, लिहीत राहिले कानडीत. त्यांचं ‘बिखरे बिंब’ नावाने हिंदीत गेलेलं नाटक तासाभराचं आणि एका नटीचं. मंजुला नायक ही कानडी लेखिका. तिची इंग्रजी कादंबरी जगभर गाजते. ती टीव्हीच्या स्टुडिओत येते, कॅमेऱ्यासमोर भाषण करते, उठून निघते आणि पडद्यावरची तिची प्रतिमा मात्र जात नाही. उलट तीच तिला प्रश्न विचारायला लागते. कादंबरीतली अंथरुणाला खिळलेली मुलगी कुठून आली? तुझी बहीण मालिनी कशी होती?

प्रेक्षकाला हे जादूसारखं वाटतं, नटीच्या मात्र पोटात गोळा येतो. कारण पडद्यावरची बाई आधीच चित्रित झालेली असते. तिची वाक्यं ठरलेली, थांबणंही ठरलेलं. समोरच्या जिवंत नटीने तेवढ्याच फटीत आपलं उत्तर बसवायचं. खोकला आला, शब्द अडला, प्रेक्षक जास्त वेळ हसले, तरी पडदा थांबत नाही. सहकलाकाराने सांभाळून घ्यावं म्हणावं तर सहकलाकार आपणच! २००५ मध्ये बंगळुरूच्या रंग शंकरा नाट्यगृहात हे कानडी आणि इंग्रजीत सुरू झालं. कानडीत अरुंधती नाग उभ्या राहिल्या. पुढे अलेक पदमसींच्या दिग्दर्शनाखाली शबाना आझमींनी ते इंग्रजीत केलं. कार्नाडांचंच ‘फ्लॉवर्स’ हे दुसरं एकपात्री एका पुजाऱ्याचं आहे. ते रजित कपूर यांनी केलं.

शिफारस पाचवी : हिंदीचा सराव करायचाय?

जयपूरला रिक्षावाल्याशी बोलून हिंदी सुधारते त्यापेक्षा मानव कौल यांचं ‘शक्कर के पाँच दाने’ मोठ्याने वाचून जास्त सुधारेल. लहान गावातला अगदी साधा माणूस आपल्या आयुष्यात आलेल्या मोजक्या माणसांबद्दल बोलत राहतो, बस. कुमुद मिश्रा यांनी हे २००४ मध्ये उभं केलं.

नाटकच नसेल तर? कथा घ्या. १९७५ मध्ये देवेंद्र राज अंकुर यांनी निर्मल वर्मांच्या तीन कथा ‘तीन एकांत’ नावाने रंगमंचावर आणल्या, शब्दही न बदलता. ‘डेढ़ इंच ऊपर’ ही त्यातलीच. हिंदी नटांनी तेव्हापासून ती सोडलेली नाही. नसीरुद्दीन शहा आणि त्यांच्या ‘मॉटली’ या नाट्यसंस्थेने हीच वाट ‘इस्मत आपा के नाम’मध्ये चोखाळली : इस्मत चुगताईंच्या कथा, एका कथेला एक नट.

देऊळ गुंडाळून खांद्यावर

आता खास राजस्थानी एकपात्री. लोकदेव पाबूजींची फड म्हणजे पंधरा फुटांच्या आसपास लांबीचं चित्रांनी गजबजलेलं कापड. भोपा, म्हणजे गाणारा पुजारी, ते गावात आणतो, सूर्य मावळल्यावर दोन बांबूंना ताणून लावतो, आणि त्या क्षणापासून ते कापड देऊळ असतं. रावणहत्था वाजवत, गात, नाचत, बोलत भोपा कथा सांगतो. त्याची बायको भोपी हातातला दिवा नेमका त्या प्रसंगाच्या चित्राजवळ नेते आणि गाण्यात साथ देते. बाकीचं कापड अंधारात. आपण ज्याला ‘स्पॉट’ म्हणतो, तो इथे तेलावर चालतो! पूर्ण कथा सांगायला कित्येक रात्री लागतात, त्यामुळे एका बैठकीत एखादाच तुकडा होतो. म्हणजे छोट्या नाटकाची सोय इथेही आहेच.

कठपुतळीवाल्याची तऱ्हा वेगळी. तो तोंडात ‘बोली’ नावाची बांबूची चिपळीवजा पिपाणी धरतो आणि तिच्यातून सगळ्या बाहुल्यांचे आवाज काढतो. शब्द कळत नाहीत, नुसती चूंचूं. ढोलक वाजवणारी बाई ते प्रेक्षकांना उलगडून सांगते. पिपाणीवाला नट आणि भाष्यकार बाई, एवढ्या दोघांत राजदरबार उभा.

आणि बहुरूपी तर आपल्याकडचा आणि त्यांच्याकडचा एकच. भीलवाड्याच्या जानकीलाल यांना २०२४ मध्ये याच कलेसाठी पद्मश्री मिळाली.

चोराची लांब उडी

विजयदान देथा ऊर्फ बिज्जी जोधपूरजवळच्या बोरुंदा गावात बसून लोककथा लिहीत राहिले. ‘बातां री फुलवारी’चे १४ खंड झाले. त्यातल्या खरं बोलणाऱ्या चोराची गोष्ट हबीब तन्वीर यांनी उचलली आणि १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ झालं. पुढे १९८२ मध्ये ते एडिंबरोच्या महोत्सवात बक्षीस घेऊन आलं. श्याम बेनेगलांनी त्यावर सिनेमाही केला, आणि त्यात राजकन्या झालेली मुलगी म्हणजे आपली स्मिता पाटील.

जगाच्या बाजारातून, भराभर

• सॅम्युअल बेकेटचं ‘ब्रेथ’ साधारण ३५ सेकंदांचं. एक श्वास, एक किंकाळी, पसरलेला कचरा, खलास. तिकीट फाडायला जास्त वेळ लागतो.

• त्याच्याच ‘नॉट आय’मध्ये अंधारात फक्त तोंड दिसतं. ओठ, दात आणि न थांबणारं बोलणं. लिसा ड्वान या नटीने ते नऊ मिनिटांच्या आसपास संपवलं.

• सुझन-लोरी पार्क्सनी २००२ मध्ये रोज एक नाटक लिहायचं ठरवलं, वर्षभर. झाली ३६५ नाटकं. मग अमेरिकेतल्या शेकडो गटांनी ती वाटून घेऊन केली.

• कॅरिल चर्चिलचं ‘सेव्हन ज्युइश चिल्ड्रन’ (२००९) दहाएक मिनिटांचं. लेखिकेची अट : प्रयोग फुकट करा, पण शेवटी झोळी फिरवून गाझातल्या वैद्यकीय मदतीसाठी पैसे गोळा करा.

• ‘फ्लीबॅग’ ही मालिका सगळ्यांनी पाहिली. ती सुरू झाली दहा मिनिटांच्या एकपात्री तुकड्यातून, आणि २०१३ मध्ये एडिंबरोत तासाभराचं नाटक झाली.

• डंकन मॅकमिलनच्या ‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’मध्ये एक नट आणि बाकी प्रेक्षक. आयुष्य जगण्यासारखं का आहे, याची यादी एक मुलगा आईसाठी करतो. प्रेक्षकांना आधीच चिठ्ठ्या वाटलेल्या असतात. नंबर पुकारला की त्यांनी ओरडायचं. एक नंबर : आइसक्रीम. भारतात हे विवेक मदन यांनी केलं.

तालीम करायची नाही, अशी अट

इराणचा नसीम सोलेमानपूर. सक्तीची लष्करी सेवा नाकारली म्हणून त्याला पासपोर्ट मिळेना. त्याने नाटक लिहिलं आणि स्वतःऐवजी त्यालाच प्रवासाला पाठवलं : ‘व्हाइट रॅबिट रेड रॅबिट’. दिग्दर्शक नाही, तालीम नाही, नेपथ्य नाही. नट मंचावर येतो, तेव्हा त्याच्या हातात बंद पाकीट देतात. ते प्रेक्षकांसमोर फोडायचं आणि वाचत वाचत करत जायचं. एका नटाने हे आयुष्यात एकदाच करायचं, कारण दुसऱ्यांदा त्याला गोष्ट ठाऊक असते. पाठांतराची भीती असलेल्यांनी लगेच हुरळून जाऊ नये. पाठ असलेलं नाटक बरं, असं वाटायला लावणारं हे प्रकरण आहे.

पहाटेपर्यंत जागरण

थंडीत जयपुरात पुस्तकांचा मेळा, तर मुंबईत एकांकिकांची जत्रा. चतुरंग प्रतिष्ठानची ‘सवाई एकांकिका’ स्पर्धा प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. प्रवेशाची अट कडक : वर्षभरात दुसऱ्या कुठल्या तरी स्पर्धेत पहिली आलेली एकांकिकाच इथे येऊ शकते. ताज्या दमाचा नाटककार शोधायचा असेल तर ही एक रात्र पुरे. बरोबर थर्मास घ्या. मध्यंतरातल्या चहाची रांग तिसऱ्या अंकाएवढी असते.

आधी विचारा, मग वाजवा तिसरी घंटा

नाटक छोटं म्हणून लेखकाचा हक्क छोटा होत नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानावर परवानगीसाठी कुणाला लिहायचं ते छापलेलं असतं, ते वाचा. मानधन आधी ठरवा. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. कात्री चालवायची असेल तरी लेखकाला विचारूनच. पाऊण तासाच्या नाटकात पाच मिनिटं कमी केली की बऱ्याचदा नेमकं नाटकच कमी होतं.

निवडीचा शॉर्टकट

• पंधरा उत्साही पोरं असतील तर : ‘होळी’.

• दोन मित्र, पैसे शून्य : ‘घोटभर पाणी’.

• एक अनुभवी नटी आणि एक कॅमेरा : ‘बिखरे बिंब’.

• एक बाई, एक खुर्ची, वीसेक श्रोते : ‘एक, माधवबाग’.

• गावोगाव फिरायची तयारी : सुषमा देशपांडे यांचं ‘व्हय, मी सावित्रीबाई’. १९८९ पासून त्यांनी ते कुठे कुठे केलं, त्याला गणती नाही. रंगमंच मिळेल तो चालतो, इतिहास मात्र पक्का हवा.

• चावट वाटणाऱ्या नावाआडचं गंभीर काही : ‘योनीच्या मनीच्या गुजगोष्टी’, वंदना खरे यांनी मराठीत आणलेलं ‘द व्हजायना मोनोलॉग्ज’.

• विज्ञानवाला चक्रम विनोद हवा तर : सतीश आळेकरांच्या एकांकिका, ‘झुलता पूल’पासून सुरुवात करा. लेखक पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात होते, आणि ‘व्हेंटिलेटर’ सिनेमात तुम्ही त्यांना पाहिलंही असेल.

• आणि सगळी तयारी झाली, प्रेक्षक बसले, तिसरी घंटा झाली, पण नटाची गाडी अजून सवाई माधोपूरलाच अडकलीय? बेकेटचं ‘ब्रेथ’ लावा. त्यात नट लागतच नाही.